युरोपच्या पंगतीत फसगत आणि तृप्ती

जानेवारी २०१८ मध्ये व्हेनिसमधील एका जेवणाचे बिल जगभरच्या वृत्तपत्रांतून गाजले. इटलीतील बोलोन्या शहरात शिकणारे चार जपानी विद्यार्थी सेंट मार्क चौकाच्या परिसरातील एका उपाहारगृहात जेवायला बसले होते. चार स्टेक, माशांची एक थाळी आणि पाणी एवढ्यासाठी त्यांच्यापुढे अकराशे युरोंहून अधिक रकमेचे बिल ठेवण्यात आले. त्यांनी ते भरले आणि बोलोन्याला परतल्यावर पोलिसांकडे तक्रार केली. व्हेनिसच्या महापौरांनी हा प्रकार लज्जास्पद असल्याचे सांगून चौकशीचे आश्वासन दिले.

अशा बातम्या अधूनमधून येतच असतात. २०१३ साली रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांजवळ चार ब्रिटिश पर्यटकांना चार आइस्क्रीमसाठी ६४ युरो मोजावे लागले. पुढे रोमच्या पालिकेने त्यांना पाहुणे म्हणून पुन्हा बोलावले. २०१९ साली त्याच शहरात सान्त आन्जेलो किल्ल्यानजीक दोन जपानी पर्यटकांना स्पॅगेटीच्या दोन बशा आणि पाणी यांचे ४२९ युरो ८० सेंट इतके बिल आले. त्यात ८० युरोंची बक्षिसीही धरलेली होती. ताजे मासेही मागवले होते, हे मालकाचे म्हणणे.

अशा घटनांची बातमी होते ती त्या विरळा असतात म्हणूनच. बहुसंख्य प्रवाशांना युरोपात कोणी लुटत नाही. मात्र प्रत्येक जेवणामागे पाच-दहा युरो अनपेक्षितपणे जातात, मागवले एक आणि पानात आले भलतेच असे होते, आणि नावाजलेल्या शहरात बेचव पास्ता खाऊन परतावे लागते. याचे कारण बहुतेक वेळा स्वयंपाक्याच्या हाताला चव नाही हे नसते. त्या गावच्या टेबलाचे नियम पाहुण्याला ठाऊक नसतात, हे असते. हे नियम बहुधा मेनूकार्डावर लिहिलेलेही असतात. फक्त ते शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत आणि स्थानिक भाषेत असतात.

बसण्याचे पैसे

आपल्याकडे खुर्चीत बसण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. इटलीत पडतात. बिलाच्या पहिल्याच ओळीत 'कोपेर्तो' असा शब्द दिसतो. टेबलावरचे कापड, काटे-चमचे आणि पावाची टोपली यांचा हा माणशी आकार. साध्या ठिकाणी तो दीड-दोन युरो असतो, प्रेक्षणीय चौकांत बराच अधिक. पाव खाल्ला नाही म्हणून तो माफ होत नाही. रोम ज्या लात्सिओ प्रांतात येते तेथे २००६ च्या प्रांतिक कायद्याने कोपेर्तो आकारण्यास मनाई केली. तेव्हापासून रोममधील अनेक उपाहारगृहांच्या बिलांत त्या जागी 'पाने' म्हणजे पाव असा शब्द आला. पाव ही जिन्नस असल्याने ती नाकारता येते, एवढा मात्र फरक पडला. रोममध्ये पावाची टोपली परत पाठवणारा ग्राहक कायद्याने बरोबर असतो.

'सेर्वीत्सिओ' हा शब्द वेगळा. तो सेवाशुल्काचा. बिलात तो आला असेल तर वर बक्षिसी ठेवण्याची गरज नसते. तो नसला तरी इटालियन माणूस फार तर वरची चिल्लर ठेवून उठतो. दहा-पंधरा टक्क्यांची बक्षिसी ही अमेरिकी प्रवाशांनी नेलेली सवय आहे, आणि ती पाहुण्यांकडून अपेक्षित धरणारे वेटर पर्यटकांच्या भागात भरपूर भेटतात.

कॉफीचेही असेच. इटलीतील 'बार' म्हणजे मद्यालय नव्हे. सकाळची कॉफी आणि गोड पाव मिळण्याची ती जागा. तेथे दोन दर असतात. काउंटरपाशी उभ्याने पिण्याचा एक आणि टेबलाशी बसून पिण्याचा दुसरा. उभ्याने एस्प्रेसो साधारण एक ते दीड युरोत होते. तीच बसून घेतल्यास दुप्पट, तिप्पट, क्वचित त्याहूनही महाग पडते. गर्दीच्या ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून ती चिठ्ठी काउंटरवर ठेवायची पद्धत आहे. हे न कळल्याने काउंटरपुढे ताटकळत उभा असलेला भारतीय पाहुणा रोममध्ये हमखास दिसतो.

व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात १७२० पासून चालू असलेले 'कॅफे फ्लोरियान' आहे. बाहेरच्या टेबलांपाशी वादकांचा ताफा वाजत असेल तर संगीताचा माणशी आकार बिलात लागतो. तो मेनूकार्डावर छापलेला असतो. त्याला फसवणूक म्हणता येत नाही. जुन्या चौकात बसून व्हायोलिन ऐकण्याची ती किंमत आहे आणि ज्याला ती परवडते त्याने आनंदाने द्यावी. फक्त कॉफी हवी असेल तर दोन गल्ल्या ओलांडून उभ्याने प्यावी.

खरा घात होतो तो माशांत. इटलीतील मेनूकार्डावर अख्ख्या माशाची किंमत बहुधा 'एत्तो'ने दिलेली असते. एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. आठ युरो हा आकडा वाचून पाहुणा खूश होतो; पण सव्वा किलोचा मासा भाजून आला की त्याचे शंभर युरो होतात. मासा भाजण्याआधी कच्चा दाखवून तोलून घ्यायचा असतो आणि भाव तेथेच ठरवायचा असतो. मुंबईच्या मासळी बाजारात घासाघीस करणारी मंडळी परदेशी टेबलाशी बसल्यावर वजन विचारायला का संकोचतात, हे कोडेच आहे. वजन विचारणे इटलीत अजिबात असभ्य मानले जात नाही.

प्रागच्या जुन्या शहरातील चौकातही वजनाचाच खेळ चालतो. तेथील गाड्यांवर निखाऱ्यांवर फिरणारे डुकराच्या मांसाचे मोठे तुकडे भाजत असतात. पाटीवरचा भाव शंभर ग्रॅमचा असतो आणि विक्रेता सुरी चालवतो ती तीनशे-चारशे ग्रॅमवर. किती हवे ते आधी सांगावे. त्याच चौकात 'जुना बोहेमियन पदार्थ' म्हणून विकली जाणारी 'त्रदेल्निक' ही दांड्याभोवती गुंडाळून भाजलेली साखरपेरली कणीक प्रागची परंपरा वगैरे नाही. पर्यटकांसाठी अलीकडच्या काही दशकांत ती तेथे फोफावली. चवीला वाईट नाही, पण तिच्यासाठी रांग लावण्याचे कारण नाही.

चांगले कोठे मिळते

रोममध्ये दारात उभे राहून हसतमुखाने आत बोलावणाऱ्या माणसाला 'बुत्तादेन्त्रो' म्हणतात, म्हणजे आत लोटणारा. तो असेल तेथे जाऊ नये, हा पहिला ठोकताळा. सहा भाषांतील मेनू आणि प्रत्येक पदार्थाचे रंगीत छायाचित्र हा दुसरा. जिथे कार्ड लहान असते, रोज बदलते आणि बाजूच्या टेबलावर इटालियन कुटुंब मोठ्याने वाद घालत जेवत असते, ती जागा सहसा दगा देत नाही.

पर्यटकांचा मध्यभाग सोडून पंधरा-वीस मिनिटे चालण्याची तयारी असेल तर रोम फार उदार आहे. तेस्ताच्चो हा भाग पूर्वी शहराच्या खाटीकखान्याचा होता. १९७५ साली तो बंद झाला. पण कामगारांना मजुरीचा भाग म्हणून मिळणाऱ्या काळीज-आतड्यांपासून जो स्वयंपाक तेथे घडला, तो आजही रोमचा अस्सल स्वयंपाक मानला जातो. मांसाहारींसाठी ही पर्वणी. इतरांसाठी तेथील बाजारात पिझ्झाचे चौकोनी तुकडे मिळतात. ते वजनावर विकतात. केवढा हवा ते बोटाने दाखवायचे, विक्रेता कात्रीने कापतो, तोलतो आणि गरम करून देतो. दुपारचे पोटभर खाणे दहा युरोंच्या आत होते.

आइस्क्रीमची पारख सोपी आहे. काचेमागे डोंगरासारखे रचलेले, झगझगीत रंगांचे जेलातो हवा आणि वनस्पती चरबी यांच्या जोरावर उभे असते. खरा पिस्ता मळकट हिरवा दिसतो, पोपटी नव्हे. झाकण असलेल्या धातूच्या खोल भांड्यांतून जो जेलातो काढून देतो, त्याच्याकडे बहुधा खरा माल असतो.

व्हेनिसची कीर्ती महाग आणि बेचव जेवणाबद्दल आहे आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु तेथील माणूस संध्याकाळी 'बाकारो' नावाच्या छोट्या गुत्त्यात उभा राहतो, पेलाभर वाइन घेतो आणि सोबत 'चिकेत्ती' खातो. पावाच्या चकतीवर वाटलेला सुका कॉड मासा, उकडलेले अर्धे अंडे, भाजलेली भाजी, ऑलिव्ह असे हे लहान घास. काचेच्या कपाटात सारे मांडलेले असल्याने भाषेची अडचण येत नाही आणि एकेकाची किंमत दोन-तीन युरोंच्या आसपास असते. रियाल्तो पुलाच्या बाजारालगत असे अड्डे आहेत. ज्या शहरात चार जणांचे जेवण अकराशे युरोंत झाले, त्याच शहरात पंचवीस युरोंत दोघांची संध्याकाळ सुखात जाते.

न मागता आलेली बशी

लिस्बनमध्ये बसल्याबरोबर वेटर पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीज, तर कधी कोळंबी आणून ठेवतो. हे आतिथ्य आहे असे समजून पाहुणा सारे फस्त करतो आणि बिलात प्रत्येक बशी वेगळी मांडलेली पाहून चिडतो. तिला 'कुव्हेर्त' म्हणतात. पोर्तुगालच्या २०१५ च्या कायद्यानुसार ग्राहकाने न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या कुव्हेर्तचे पैसे घेता येत नाहीत. बशीला हात न लावता ती बाजूला सारावी किंवा परत न्यायला सांगावे. वेटर ती निमूटपणे उचलतो, कारण त्याच्यासाठी हा रोजचाच प्रसंग असतो.

एवढी खबरदारी घेतली तर मराठी माणसासाठी लिस्बनइतके ओळखीचे शहर युरोपात दुसरे नसावे. आपला 'पाव' आणि 'बटाटा' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांचे. आंबट आणि लसणीच्या ज्या पोर्तुगीज मसाल्यात मांस मुरवतात त्याचेच गोव्यात विंदालू झाले. उलट दिशेनेही काही गेले. लिस्बनच्या साध्या उपाहारगृहांत काउंटरवर 'शामुसा' म्हणून जो त्रिकोणी तळणीचा पदार्थ दिसतो, तो आपला समोसाच. शाकुती देणारी गोवेकरांची उपाहारगृहेही शहरात आहेत. जूनमध्ये संत अंतोनियोच्या उत्सवात जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांत निखाऱ्यांवर तारल्या भाजल्या जातात आणि पावाच्या जाड तुकड्यावर ठेवून दिल्या जातात. कोकणातून आलेल्या पाहुण्याला यापेक्षा अधिक काय हवे? बेलें येथे १८३७ पासून विकल्या जाणाऱ्या अंड्याच्या गोड पेस्टऱ्या मात्र गरम असतानाच खाव्यात. थंड झाल्यावर त्यांची मजा अर्धी उरते.

पाणी आणि घड्याळ

पाण्याच्या बाबतीत प्रत्येक देशाचे वेगळेच. फ्रान्समध्ये जेवणाऱ्या ग्राहकाला नळाच्या पाण्याचा जग फुकट द्यावाच लागतो. 'कराफ दो' एवढे म्हटले की पुरते. फक्त 'पाणी' मागितले तर बाटली येते. स्पेनमध्ये २०२२ च्या कायद्याने नळाचे पाणी फुकट देणे उपाहारगृहांना बंधनकारक झाले. इटली आणि जर्मनीत तसे बंधन नाही, तेथे बाटली घ्यावी लागते. मात्र रोमच्या रस्त्यांवर सुमारे अडीच हजार लोखंडी नळ अहोरात्र वाहतात आणि त्यांचे पाणी उत्तम असते. जर्मनीत दुकानातून घेतलेल्या बहुतेक प्लास्टिक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की ती परत मिळते. ती कचऱ्यात टाकून येणारे पाहुणे तेथील बाटल्या वेचणाऱ्यांचे पोट भरतात.

घड्याळाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे आणि त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पॅरिसमध्ये दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन आणि रात्रीचे साडेसातनंतर. स्पेनमध्ये दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर. मधल्या वेळात चांगल्या ठिकाणची चूल बंद असते. संग्रहालय पाहून साडेचारला भुकेने व्याकूळ होऊन बाहेर पडलेल्या कुटुंबाला जे उघडे दिसते, ते केवळ पर्यटकांसाठी दिवसभर चालणारे ठिकाण असते. माद्रिदमध्ये संध्याकाळी सात वाजता ज्या उपाहारगृहात गर्दी दिसते, तेथे एकही स्पॅनिश माणूस नसतो. वाईट जेवणाच्या निम्म्या कहाण्या अशा अवेळी सुरू होतात. बरोबर लहान मुले किंवा मधुमेही ज्येष्ठ असतील तर मधल्या वेळेसाठी पिशवीत काही ठेवणे हाच उपाय.

घड्याळ पाळणाऱ्याला स्पेनमध्ये बक्षीसही मिळते. 'मेनू देल दिया' म्हणजे दुपारचे ठरीव जेवण. १९६० च्या दशकात फ्रँकोच्या राजवटीत सरकारने पर्यटकांसाठी ठरीव दराच्या जेवणाची सक्ती उपाहारगृहांवर केली, तिचाच हा वारसा. आज तो कचेरीत काम करणाऱ्यांचा आधार आहे. दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी असा सारा थाट एका ठरीव रकमेत होतो आणि ती रात्रीच्या जेवणाच्या मानाने पुष्कळ कमी असते. बार्सिलोनाच्या रांब्ला रस्त्यावर पायेयाची छापील रंगीत चित्रे लावलेली दिसतात, तेथे बहुतेक वेळा कारखान्यात शिजवून गोठवलेला भात गरम करून मिळतो. पायेया हा व्हॅलेन्सियाचा, दुपारी खायचा पदार्थ. तो मागवल्यावर शिजतो आणि त्याला किमान वीस-पंचवीस मिनिटे लागतात. पाच मिनिटांत आला तर काय ते समजावे.

पॅरिसमध्ये सरकारच पारख करून देते. २०१४ पासून घरच्या स्वयंपाकघरात तयार केलेल्या पदार्थापुढे पातेल्यावर छप्पर असे चिन्ह छापता येते. त्याचा अर्थ 'फे मेझों', म्हणजे तेथेच बनवलेले. गोठवलेला कच्चा माल त्यात चालतो, त्यामुळे ही शंभर टक्के हमी नव्हे; पण तयार पाकीट उघडून वाढलेले नाही एवढे निश्चित. 'बुलांजरी' ही पाटी १९९८ च्या कायद्याने केवळ जागेवर पाव मळून भाजणाऱ्यालाच लावता येते. अशा दुकानात 'बागेत त्रादिस्यों' मागावा. त्याची व्याख्या १९९३ च्या आदेशाने ठरलेली आहे आणि त्यात कोणतीही मिसळद्रव्ये चालत नाहीत. एक बागेत, चीज, टोमॅटो आणि नदीकाठचा बाक हे पॅरिसमधील सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत स्मरणीय जेवण. बसून जेवायचे असेल तर 'बुइयों' प्रकारची जुनी स्वस्त भोजनगृहे आहेत. त्यांपैकी 'बुइयों शार्तिए' १८९६ पासून चालू आहे. बिलात सेवाशुल्क धरलेलेच असते, त्यामुळे बक्षिसीची सक्ती नाही.

शाकाहारींची खरी कसोटी

पैसे गेल्याचे दुःख विसरता येते. अजाणता डुकराची चरबी पोटात गेल्याचे कळल्यावर अनेकांची अख्खी सहल कडू होते. येथे युरोपचा कायदा शाकाहाऱ्याच्या मदतीला येत नाही. डिसेंबर २०१४ पासून युरोपीय संघात उपाहारगृहांना चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्यांत अंडे, दूध, मासे, शेंगदाणे, तीळ आहेत. मांस, चरबी आणि जिलेटिन नाहीत. म्हणजे पदार्थात अंडे आहे काय, या प्रश्नाचे उत्तर देण्यास वेटर बांधील आहे. मांसाचे सूप आहे काय, याचे उत्तर त्याच्या सौजन्यावर. भारतात २००१ पासून पाकिटावर हिरवी किंवा तपकिरी खूण सक्तीची आहे; युरोपात तसे सरकारी चिन्ह नाही. जे दिसते ते खासगी संस्थांचे आणि ऐच्छिक.

शिवाय 'शाकाहारी' या शब्दाचा अर्थही सर्वत्र एकच नाही. स्पेनमध्ये 'सांदविच वेखेताल' या नावाखाली जे मिळते त्यात कोशिंबिरीबरोबर ट्युना मासा आणि अंडे सर्रास असते. हॅमचे बारीक तुकडे म्हणजे मांस असे तेथील जुन्या पिढीला वाटतच नाही. पालेभाजीतही ते चवीपुरते पडतात. पोर्तुगालच्या 'काल्दू व्हेर्द' या हिरव्या सूपमध्ये तळाशी सॉसेजची चकती असते. पॅरिसच्या कांद्याच्या सूपला गोमांसाचा अर्क लागतो. मिलानच्या केशरी रिसोतोतही तोच. 'पान्ना कोत्ता' या गोड पदार्थाला घट्टपणा येतो तो जिलेटिनमुळे. ब्रुसेल्समध्ये तर बटाट्याच्या काचऱ्यासुद्धा परंपरेने बैलाच्या चरबीत तळतात. कागदी पुडक्यातले गरम बटाटे हे शाकाहाऱ्याचे शेवटचे आशास्थान. तेथेही विचारूनच घ्यावे. वनस्पती तेल वापरणारी दुकाने शहरात आहेत.

चीजचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो ही चीजे वासराच्या जठरातील विरजण वापरून, तर पेकोरीनो रोमानो मेंढीच्या कोकराच्या जठरातील विरजण वापरून बनवतात. त्यांच्या नियमावलीतच तसे आहे. म्हणजे केवळ चीज आणि मिरी घातलेला रोमचा 'काचो ए पेपे' हा पास्ता काटेकोर शाकाहाऱ्याला चालणार नाही. ज्यांना हे बंधन नको त्यांनी तो अवश्य खावा, कारण तो अप्रतिम असतो. ज्यांना हवे त्यांच्यासाठी नेपल्सचा 'मारिनारा' पिझ्झा आहे. नावात समुद्र असला तरी त्यात मासा नसतो आणि चीजही नसते. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच. इटलीत 'पेपेरोनी' हा शब्द पाहून घाबरू नये. तेथे त्याचा अर्थ ढोबळी मिरची.

यावर उपाय एकच. 'मी शाकाहारी आहे' असे सांगून थांबू नये, नको असलेल्या जिनसांची नावे घेऊन विचारावे. डुकराच्या चरबीचे काही शब्द पाठ असलेले बरे: इटलीत स्त्रुत्तो, स्पेनमध्ये मान्तेका, फ्रान्समध्ये सँदू, पोर्तुगालमध्ये बान्या. जर्मन भाषेतील श्माल्त्स डुकराची किंवा हंसाची चरबी असू शकते. पाव-बिस्किटांच्या वेष्टनांवरही हे शब्द आढळतात. मयोर्का बेटाची प्रसिद्ध 'एन्साइमादा' ही गोड वळी तर चरबीवरूनच नाव घेऊन आली आहे.

सुरक्षित आसरेही आहेत. पॅरिसच्या मारे भागातील रोझिए रस्त्यावर फलाफल मिळते. गार दु नोर स्थानकामागच्या ला शापेल भागात श्रीलंकेतील तमिळांची वस्ती आहे. तेथे डोसा, वडा, सांबार सहज मिळते आणि गणेश चतुर्थीच्या सुमारास दरवर्षी गणपतीची मिरवणूकही निघते. लंडनमध्ये तर प्रश्नच नाही. यूस्टन स्थानकालगतच्या ड्रमंड रस्त्यापासून साउथहॉल-वेम्बलीपर्यंत शाकाहारी थाळी जागोजाग आहे. व्हिएन्नाच्या कॉफीगृहात एका कॉफीवर, सोबत चांदीच्या रंगाच्या तबकात येणाऱ्या पाण्याच्या पेल्यावर, तासभर वर्तमानपत्र वाचत बसता येते. तेथील गोड पदार्थांत अंडे मात्र असतेच.

घरून नेलेल्या शिदोरीबाबत एक नियम फारसा कोणाला ठाऊक नसतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. तूप, पनीर, खवा विमानतळावर जप्त होऊ शकतात. बहुतेक ताज्या फळांना डिसेंबर २०१९ पासून वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. नातेवाइकांसाठी नेलेली हापूसची पेटी त्यात अडकते, केळी आणि नारळ मात्र सुटतात. तेलात केलेले ठेपले, चिवडा, कोरडी चटणी यांना सहसा कोणी हरकत घेत नाही. ते कोठे बसून खावेत याचेही भान हवे. जुलै २०१९ मध्ये व्हेनिसच्या रियाल्तो पुलाच्या पायथ्याशी छोट्या स्टोव्हवर कॉफी करणाऱ्या दोन जर्मन पर्यटकांना ९५० युरो दंड झाला आणि शहर सोडावे लागले. सेंट मार्क चौकात डबा उघडून बसण्यासही बंदी आहे.

भरवसा कोणावर ठेवावा

संगणकावरील ग्राहकांच्या शिफारशींवर विसंबून जागा निवडण्याचा प्रघात आहे. त्यांची विश्वासार्हता किती, याचा नमुना २०१७ साली लंडनमध्ये दिसला. उबा बटलर या पत्रकाराने आपल्या बागेतील खोपटाला उपाहारगृहाचे नाव देऊन, ओळखीच्यांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेऊन, एका प्रसिद्ध संकेतस्थळावर ते लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले. तोपर्यंत तेथे एकही जेवण शिजले नव्हते. त्यामानाने मिशेलिन मार्गदर्शिकेतील 'बिब गुरमाँ' हे चिन्ह उपयोगी आहे. १९९७ पासून ते माफक दरात चांगले जेवण देणाऱ्या ठिकाणांना मिळते. ताऱ्यांच्या झगमगाटात त्याकडे कोणी पाहत नाही. ब्रिटनमध्ये स्वच्छतेसाठी शून्य ते पाच असे सरकारी गुण मिळतात. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ते दारावर लावणे सक्तीचे आहे, इंग्लंडमध्ये नाही. त्यामुळे लंडनमध्ये ज्याच्या दारावर तो कागद नाही, त्याच्याविषयी थोडी शंका घ्यायला हरकत नाही. लंडनच्या बिलात बहुधा साडेबारा टक्के सेवाशुल्क लावलेले असते. ते बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असते आणि सेवा खराब असल्यास काढायला सांगता येते. ऑक्टोबर २०२४ पासून ही रक्कम कर्मचाऱ्यांनाच देणे मालकांवर बंधनकारक आहे.

एवढे करूनही बिल भलतेच आले तर आवाज चढवण्यापेक्षा मेनूकार्ड परत मागावे आणि एकेक ओळ ताडून पाहावी. बहुसंख्य तंटे येथेच मिटतात. कार्डाने पैसे देताना यंत्र रुपयांत की युरोंत असे विचारते, तेव्हा युरोच निवडावा; रुपये निवडल्यास विनिमयाचा दर त्या यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो ग्राहकाला महागात पडतो. पावती घेतल्याशिवाय उठू नये. पोर्तुगालमध्ये प्रत्येक उपाहारगृहाला तक्रारवही ठेवावी लागते, स्पेनमध्ये तक्रारीचे अर्ज. ग्राहकाने मागितल्यावर ते नाकारणे हाच गुन्हा ठरतो, त्यामुळे वहीचे नाव काढताच बिलातील आकडा उतरल्याचे अनुभव आहेत. इटलीत पावती न देणाऱ्याविरुद्ध 'ग्वार्दिया दी फिनान्त्सा' या आर्थिक पोलिसांकडे ११७ या क्रमांकावर तक्रार करता येते. बोलोन्याच्या त्या विद्यार्थ्यांनीही घटनास्थळी नव्हे, तर घरी पोचल्यावर हातातील पावतीच्या आधारेच दाद मागितली होती.